कोंदावाहीच्या वाटेवरची घंटी

देवाजी दुर्गे भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण १९८४ साली अहेरीत कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं नेमकं उलटं सांगितलं असतं. मलेरियाच्या कामावरचा माणूस. रोज एकटा सायकलवर रानात जातो, लोकांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतो आणि पुन्हा एकटा परत येतो. असा माणूस भित्रा कसा असेल? देवाजीनंही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूळचा तो पोंभुर्ण्याकडचा. नोकरीनं अहेरीला आणलं आणि पहिल्याच आठवडी बाजारात त्यानं तो माणूस पाहिला. मातीच्या मडक्यांपाशी बसलेला, अर्धा चेहरा असलेला. एक डोळा, अर्धं नाक, आणि बाकीच्या जागी ताणून शिवल्यासारखं कातडं. अस्वलानं केलं होतं. देवाजीनं शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वाघ आवाज आयकून सरकते भाऊ. अस्वलाले लवकर आयकूच नाई येत. तू अंगावर गेला का मंग थे घाबरते, न पयले तोंडच धरते." त्या रात्री देवाजी जेवला नाही. बायकोनं, कमलानं, विचारलं तर पोट बिघडल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलला दुसरी घंटी बसवली. एक नेहमीची, अंगठ्यानं वाजवायची, आणि दुसरी वाटीएवढी पितळी, जिचा आवाज किलोमीटरभर जाई. कोंदावाहीची वाट सोळा किलोमीटरची. पहिले सात सडकेचे, बाकी पायवाट. सडक सुटली की देवाजी जी घंटी धरायचा, ती गाव येईपर्यंत सोडत नसे. सायकल दुरुस्त करणारा इसरू म्हणायचा, "देवाजीभाऊ, तुह्या सायकलचे टायर घासत नाई, घंटीच घासते." देवाजी हसायचा. म्हणायचा, "गावाले समजाव ना, मी आलो म्हणून."

भीती माणसाला कारागीर करते, हे मात्र खरं. वाटेत सायकल बंद पडणं म्हणजे त्या रानात पायी चालणं, म्हणून देवाजीची सायकल साऱ्या तालुक्यात अव्वल होती. पुढच्या चाकाचा चिमटा डबल. पावसाळा लागला की दोन्ही मडगार्ड काढून घरी ठेवायचा, नाहीतर काळी माती चाकात अशी भरायची की चाक जागचं हलत नसे. नाल्याला पाणी असलं की काचपट्ट्यांची पेटी डोक्यावर आणि सायकल खांद्यावर. उन्हाळ्यात ट्यूबचं ठिगळ उन्हानं सुटायचं. तेव्हा ट्यूब काढून टायरात भाताचं तणीस ठासून भरायचा आणि धडधडत घरी यायचा. ब्रेकचे रबर झिजले की जुन्या चपलेचा तळ कापून लावायचा. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, सीटवरून उठून बूड मागं न्यायचं, हे तो तीनदा तोंडावर पडून शिकला होता. पडला की उठून आधी घंटी वाजवायचा, गुडघा मग बघायचा.

सगळ्यात वाईट महिना दिवाळीआधीचा. पाऊस संपलेला, गवत हँडलच्या वर गेलेलं, पुढचं वळण दिसत नाही. आणि नेमका तोच तापाचा महिना.

१९८४ साली त्याच महिन्यात कोंदावाहीच्या एका काचपट्टीचा निकाल आला. जैनी, वय चार, बुधरीची मुलगी. डोक्यात चढणारा मलेरिया. तपासणाऱ्यानं कागदावर दोनदा रेघ ओढली होती. तीन दिवस लागोपाठ गोळ्या पोटात गेल्या तर पोर वाचणार, नाहीतर नाही.

देवाजी त्याच दिवशी निघाला. बुधरीचं घर उघडं होतं, चूल पेटलेली, अंबील गरम, आणि माणूस नाही. शेजारणीकडं गोळ्या ठेवून आला. दुसऱ्या दिवशी गेला तर गोळ्या कुडाखाली मातीत पडलेल्या आणि घर पुन्हा रिकामं. तिसऱ्या दिवशीही तेच. चूल तर अशी धगधगत होती की कुणी आत्ताच उठून गेलं असावं. आता मात्र देवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. तो तडक गावच्या म्हाताऱ्या कोलूकडं गेला.

"कोलूभाऊ, बुधरी कुठी जाते? पोरगी मरून जाईल तिची."

कोलू मोहाच्या पानांच्या पत्रावळ्या टाचत होता. त्यानं मानही वर केली नाही. "तुही घंटी आयकू आली का पोरीले उचलते न रानात घुसते. तू गेला का येते."

"काऊन पण?"

"मागच्या साली तिच्या सासूचं रक्त नेलं ना तू काचेवर? तिसऱ्या दिवशी बुडी मेली. आता म्हणते, पोरीचं बी नेलं, आता जीव नेऊन राह्यला."

देवाजीला म्हातारी आठवली. तिचा निकाल तेरा दिवसांनी आला होता. बुधरीचा हिशेब चूकही कसा म्हणायचा? रक्त त्यानंच नेलं होतं आणि म्हातारी गेलीच होती.

"पोरगी कशी आहे?"

"कालपासून डोळे नाई उघडले," कोलू म्हणाला. मग पत्रावळ खाली ठेवून त्यानं प्रथमच देवाजीकडं पाहिलं. "एक काम कर. जोरात घंटी वाजवत जा, नाल्यापावतर. थे परत येईल. मंग तू गुपचूप माघारी ये. घंटी नको वाजवू."

गाव ते नाला किलोमीटरभर वाट, दोन्ही बाजूंना वारुळं, आणि दिवस कलतीला लागलेला. अस्वलं वारुळावर येतात ती याच वेळी. कोलूला सांगावं, की मी त्या घंटीच्याच जिवावर पाच वर्षं जगतोय? सांगावं, की तूच जा? पण कोलूच्या हातच्या गोळ्याही मातीतच जातील, हे त्याला माहीत होतं. गोळ्या कशा फोडायच्या, पोरीनं ओकल्या तर किती पुन्हा द्यायच्या, हे इथं फक्त त्यालाच येत होतं.

तो निघाला. दोन्ही घंट्या वाजवत उतार उतरला. नाल्याकाठी थांबला, खिशातला रुमाल काढून मोठ्या घंटीला घट्ट आवळला आणि लहान घंटीत पान कोंबलं. चेनला तेल होतं, मडगार्ड नव्हते. सायकल आता सावलीसारखी चालणार होती. आयुष्यात प्रथमच त्याला स्वतःच्या कारागिरीचा राग आला.

चढावर तो सायकल हातात धरून चालला. रान एवढं बोलतं हे त्याला कधी माहीतच नव्हतं, कारण त्यानं ते कधी ऐकलंच नव्हतं. पान पडलं तरी काळीज हलायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. देवाजीला तर प्रत्येक खोडाला नखं दिसत होती. गावातलं कुत्रं ऐकू आलं, तेव्हा त्यानं जरा श्वास सोडला. तेवढ्यात वळणापलीकडून आवाज आला. लोहाराचा भाता चालावा तसा. फुर्र, फुर्र.

दहा पावलांवर वारुळात तोंड खुपसून अस्वल उभं होतं.

देवाजीचा अंगठा आपोआप घंटीवर गेला. रुमाल ओढायचा अवकाश. पाच वर्षं तो याच क्षणासाठी घंटी वाजवत आला होता. वाजवली तर अस्वल कदाचित पळेल. आणि दोनशे पावलांवर बुधरी पोरीला उचलून पुन्हा रानात पळेल. आज उचलली, तर ती पोर परत घरी यायची नाही.

त्यानं अंगठा उचलला. सायकल हळूच आडवी धरली आणि तिच्या मागं उभा राहिला. मनात बुद्धं सरणं म्हणायला लागला, तर तिसरी ओळ काही केल्या आठवेना. लहानपणापासून रोज म्हटलेली ओळ. अस्वलानं तोंड बाहेर काढलं. लालभडक माती लागलेलं नाक हवेत धरलं. वास घेतला. देवाजीच्या विजारीतून गरम धार पायापर्यंत गेली आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. डोळ्यांसमोर बाजारातला तो अर्धा चेहरा होता, आणि त्याला वाटत होतं, कमला मला ओळखेल का?

किती वेळ गेला, त्याला कधीच सांगता आलं नाही. अस्वलानं पुन्हा वारुळात तोंड घातलं, दोनदा भाता ओढला आणि मुंग्या आवडल्या नसाव्यात तसं कुरकुरत गवतात शिरलं. देवाजी गवत हलायचं थांबेपर्यंत उभा राहिला. मग सायकल तिथंच पडू दिली आणि पेटी छातीशी धरून चालत गावात शिरला.

बुधरी चुलीपुढं बसली होती. मांडीवर जैनी. दारात त्याला पाहून ती किंचाळली आणि पोरीला घेऊन मागच्या कुडाकडं सरकली. देवाजीनं तिला अडवलं नाही. त्याच्यात अडवायचं त्राणच नव्हतं. उंबऱ्यावर कोसळला आणि दात वाजेपर्यंत थरथरू लागला. बुधरी कुडाला पाठ लावून बघत राहिली. सरकारी माणूस, भिजलेली विजार, पांढरं पडलेलं तोंड.

"तुले बी ताप आला?" तिनं विचारलं.

"नाई," देवाजी म्हणाला. "भेव लागलं. अस्वल होतं. घंटी वाजवली असती त तू पळाली असती."

बुधरीनं पोरीला खाली ठेवलं, भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी आणून त्याच्यापुढं धरलं आणि पुन्हा जाऊन पोरीपाशी बसली. पळाली नाही. देवाजीनं गोळ्या कुटल्या, गुळात कालवल्या. पहिला घास पोरीनं ओकला. दुसरा राहिला. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तो कोलूच्या पडवीत राहिला आणि वेळेवर गोळ्या देत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी जैनीनं डोळे उघडून अंबील मागितली. देवाजी कोलूच्या घरामागं जाऊन रडला. ते कुणी पाहिलं नाही, असं त्याला अजून वाटतं.

महिन्यानं तो पुन्हा कोंदावाहीला निघाला. सडक सुटली आणि दोन्ही घंट्या धरल्या त्या सोडल्याच नाहीत. धाडस वगैरे काही वाढलं नव्हतं, उलट वारुळांपाशी तो आता दुप्पट वाजवायचा. घंटी ऐकून अर्धं गाव सुईच्या भीतीनं रानात पसार झालं होतं.

बुधरी मात्र अंगणात उभी होती. जैनी तिच्या लुगड्याआडून बघत रडत होती. बुधरीचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. देवाजीनं पेटी उघडून सुई काढली, तसे तिनं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढं केला.

"पयले माहं बोट घे," ती म्हणाली. "पोरगी पाहून राह्यली."