झाडावरचा लाल ठिपका

नेपरव्हिलहून निघतानाच मोरेश्वररावांनी बायकोचा, कुमुदताईंचा, कुंकवाचा करंडा कोटाच्या खिशात टाकला होता. दर मार्चमध्ये सून हिमानी दोघांना मेपल सिरपच्या शेतावर न्यायची. तिथे झाडांना भोकं पाडून बादल्या टांगलेल्या असत आणि त्यांत रस टपटप पडत असे; तोच आटवून सिरप करत. कुमुदताई एका म्हाताऱ्या झाडाला कुंकू लावून त्याची माफी मागायच्या, आणि मगच सिरप चाखायच्या. यंदा त्या नव्हत्या. दिवाळीतच गेल्या.

लांबूनच त्या झाडावर लाल ठिपका दिसला आणि मोरेश्वररावांचे पाय जागीच थबकले.

“येऊन गेली ती,” ते पुटपुटले. “आपल्या आधीच.”

“बाबा, तो पेंट आहे,” हिमानी हलकेच म्हणाली. “मी ओनरला विचारलं. झाड आतून पोकळ झालंय. सीझन संपला की लाल खुणेची झाडं कट करणार आहेत.”

त्यांनी रुमालाने ठिपका पुसून पाहिला. तो जाईना. बादलीत रस मात्र पडतच होता.

मग त्यांनी करंडा उघडला. शेजारच्या झाडाला कुंकू लावलं, मग पलीकडच्या.

“बाबा, अहो हे काय?”

“आता सगळीच लाल. ओळखून दाखवू दे त्या मालकाला, तिचं झाड कुठलं ते.”

पाऊस पडला की हे धुऊन जाईल, हे त्यांनाही कळत होतं. पण मागून तिच्या झाडाची टपटप ऐकू येत होती. करंडा रिकामा झाला, तरी त्यांचं बोट एकेका झाडाला टेकतच राहिलं.