एकच दुखणं, दोघा भावंडांना

नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या छातीत कळ आली. बोरिवलीच्या घरात भेटायला आलेली माणसं बसलेली होती, त्यांनीच मला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "जबर धक्क्यानं हृदयाचा खालचा भाग फुगून सुस्त पडतो, तसं झालंय. बहुतेकदा आपसूक बरं होतं." नातेवाइकांनी लगेच त्याचा अर्थ लावला: केवढं प्रेम! आमचा संसार बत्तीस वर्षं भांडणांवर चालला होता हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आता हृदयानंच साक्ष दिल्यावर कोण बोलणार? मीही गप्प बसले. थोडी मिरवलेसुद्धा.

दोन महिन्यांनी टूडी एको केला, हृदय पूर्ववत. तेव्हापासून अख्ख्या खानदानात या विषयातली तज्ज्ञ मी. कुणाच्या छातीत जरा धडधडलं की पहिला फोन मला, डॉक्टरला नंतर.

पुढच्या वर्षी धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला. अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून जन्म काढलेला माणूस. दुखलंखुपलं कधी बोलायचा नाही. न्यूमोनियासाठी ॲडमिट असतानाच धाप वाढली, एको झाला आणि निघालं तेच, माझंच दुखणं. मी माझे रिपोर्ट पिशवीत घालून पोचले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

"ताई, तुझंच ना हे?" त्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं.

"माझंच रे. दोन महिन्यांत ठणठणीत होशील."

"च्यायला, बायकांचं दुखणं मला कसं काय लागलं?" तो हसला, मग खोकला. जरा वेळानं म्हणाला, "पोरीला बोलावून घेऊ का गं?"

त्याची मुलगी बंगलोरला, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. भावजयीनं लगेच पर्समधून फोन काढला. मी तिचा हात धरला.

"कशाला उगाच? तिला रजा कुठून मिळणार? मला बघ ना, उभी आहे की नाही तुझ्यासमोर? शनिवारी येईलच ती."

"बरं," तो म्हणाला. भावजयीनं फोन परत ठेवला. दोन-तीन दिवस जपायला हवं, असं डॉक्टर तिला म्हणाले होते. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, अशी मी तिची समजूत घातली.

गुरुवारी सकाळी त्याचं बीपी उतरायला लागलं, तेव्हा कुठे मुलीला फोन गेला. औषधं चढवली, मशीन लावलं, बीपी काही वर आलं नाही. दुपारी तो गेला. मुलगी तेव्हा विमानात होती.

नंतर डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितलं. हे दुखणं बायकांना जास्त होतं. पुरुषांना क्वचित, पण झालं की त्यांना जास्त जड जातं. त्यातून न्यूमोनियासारख्या मोठ्या आजारातून उद्भवलं तर आणखीच. आधी विचारलं असतं तर त्यांनी हे आधीही सांगितलं असतं. मला सगळं माहीत होतं, म्हणून मी विचारलंच नव्हतं.

तेराव्याची जेवणं आटोपल्यावर भाची माझ्या शेजारी येऊन बसली.

"आत्या, बाबांनी मला बोलवायला सांगितलं होतं का गं?"

खोटं बोलता आलं असतं. भावजय समोरच होती, पण ती तोंड उघडणारी नव्हती.

"हो. मीच नको म्हणाले."

"का?" तिचा आवाज चढला नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी दुसरं काही कारण सापडतंय का ते शोधलं. मग जे होतं ते सांगितलं.

"मी बरी झाले होते ना."