वेलचीवाली साखर आणि दोन कुंड्या

आमच्या लॅबमध्ये सामान कमी, किस्से जास्त. बॅक्टेरिया टिकवायला डीप फ्रीजर लागतो, किस्से उघड्यावरच वाढतात!

*

जबलपूरच्या आमच्या कॉलेजात काळे मॅडम टोमॅटोच्या मर रोगावर काम करतात. यात हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. ज्या बॅक्टेरियामुळे हे होतं, त्याचं साखर ओढून घेणारं जनुकच आम्ही काढून टाकत होतो; ते गेलं की तो झाड मारू शकणार नाही, असा मॅडमचा अंदाज.

विभागप्रमुख सरांना मात्र आमची खोली उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती. एके सकाळी पाहतो तर दाराबाहेर कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे!

"काम जाँचने कमिटी आ रही है, तब तक रहिए, फिर बोरिया-बिस्तर बाँधिए," सर म्हणाले.

मॅडमनी बाजारातून नवं कुलूप आणलं, खोलीला लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

*

जनुक काढायची युक्ती ऐका. बॅक्टेरियात बाहेरचा डीएनए घुसवायचा. तो बाहेर पडताना कधीकधी नको ते जनुक घेऊन जातो. पण ज्यांनी त्याला आतच ठेवून घेतलं, त्यांना त्याच्यामुळे साखर विषासारखी होते आणि ते साखरेच्या प्लेटवर मरतात.

आमचे अटेंडंट दुबे भैया गंभीरपणे म्हणाले, "मतलब मॅडम, इनको भी शुगर हो गई!"

*

नेमकी साखरेच्याच ऑर्डरवर सरांची सही होईना.

"साखर ती साखर! घरून आण," मॅडम मला म्हणाल्या.

मी महाराजपूरच्या घरून अख्खा डबाच उचलून आणला. आई त्यात वेलचीची सालं टाकून ठेवते, हे विसरलेच. निर्जंतुक करायचा मोठा कुकर उघडला, तर सगळ्या मजल्यावर बासुंदीचा वास!

आई फोनवर कडाडली, "काहून, घरची साखर जंतूंना चारून राहिली का?"

प्लेटवर बॅक्टेरियाचे चार ठिपके उगवले. तपासले, तर एकात ते जनुक नव्हतं! माझी पीएचडी त्या एका ठिपक्यावर टांगलेली होती. मला रडूच फुटलं.

*

आमचा बॅक्टेरिया टोचलेली झाडं ताठ उभी राहिली. सर म्हणाले, त्यांना तुम्ही काही टोचलंच नसेल!

मॅडमनी वाद घातला नाही. दोन कुंड्या आणि दोन सिरिंज सरांच्या टेबलावर ठेवल्या. "एकीत साधा, एकीत आमचा. आप ही लगाइए. कुंड्या तुमच्याच केबिनमध्ये राहतील, किल्ली पण तुमच्याकडेच."

कमिटी आली तेव्हा टेबलावरचं एक झाड आडवं झालं होतं, दुसऱ्याला पिवळं फूल आलं होतं.

कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "बैक्टीरिया किसमें डाला था?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. "दोनों में."

"किसने?"

"मैंने."

 दुबे भैयांनी आमच्या दाराबाहेरचे गठ्ठे उचलले आणि एकेक करून सरांच्या केबिनमध्ये रचायला सुरुवात केली.