बारक्याचा चिमटा

माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी घरात बारक्याच आहे. माणूस लाखात एक, पण एक खोड भारी वाईट. गप्पा मारता मारता समोरच्याचा हात हातात घ्यायचा, पंजाच्या वरची कातडी दोन बोटांत उचलायची, सोडायची, आणि ती किती पटकन जागेवर बसते ते बघायचं. आपण काय करतोय याचा त्याला पत्ताही नसायचा. मी किती वेळा ओरडले असेन, "अरे बारक्या, मी काय तुझा उंदीर आहे?"

त्याचं कामच ते. म्हातारपण लांबवणारं औषध शोधणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथल्या उंदरांची खोली तो सांभाळतो. ते औषध काय करतं हे त्याने एकदा आईला समजावलं होतं. पेशीच्या आत निरोपांची एक साखळी असते. 'खा, वाढ, खा, वाढ' असं ती सारखी सांगत सुटते, म्हातारपणीही थांबत नाही. औषध तिला गप्प करतं, मग पेशी जरा दम खाते आणि आतला केरकचरा काढायला लागते.

"म्हणजे सासूची बडबड थांबली की सुनेला घर आवरायला सवड मिळते, तसंच ना?" आई म्हणाली. बारक्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

अर्धे उंदीर औषधाचं खाणं खातात, अर्धे साधं. कोण कुठलं खातं ते बारक्याला मुद्दामच सांगत नाहीत, कारण शेवटचा शब्द त्याचा असतो. उंदराला तडफडत मरू द्यायचं नसतं. आता हा सावरत नाही असं बारक्याने डॉक्टरांना सांगितलं की त्याला कायमचं झोपवतात, आणि तेवढंच त्याचं आयुष्य धरतात. कातडी, पाठीचा बाक, अंगाची ऊब, श्वास, सगळं तो बघतो आणि सांगतो. चुकत नाही. तिथले लोक त्याला यमाजी म्हणतात. म्हणतात चेष्टेने, पण आपापले हात खिशात घालून.

हे काम त्याच्याबरोबर घरी यायचं, त्याचा मला संताप यायचा. दुपारी आम्ही जरा आडवे झालो की हा दारात उभा राहून आमचे श्वास ऐकायचा. डोळे उघडावेत तर हा समोर! "जा ना मेल्या, टीव्ही बघ काहीतरी," मी म्हणायचे. "खोली फार शांत झाली होती ताई," तो म्हणायचा. तिकडे शांतता म्हणजे कुठल्यातरी पिंजऱ्यात कुणीतरी हलायचं थांबलेलं असतं.

आई एकटी त्याला कधी घाबरली नाही. आमचे बाबा हॉस्पिटलातच गेले, तोंडात नळी होती, शेवटचा शब्दसुद्धा बोलता आला नाही. ते आईने डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून अंथरुणाला खिळल्यावर तिने बारक्याकडून वचन घेतलं. "तुला कळतं. माझी वेळ आली की मला स्पष्ट सांग. मग मला इथून हलवायचं नाही. मला माझ्या पलंगावर, तुमच्याशी बोलत जायचंय." तेव्हापासून रोज सकाळी ती हात पुढे करायची. "बघा यमाजी, आज काय म्हणता?" तो चिमटा घ्यायचा. "आज नाही." "मग अजून अर्धा कप चहा आण," आई म्हणायची.

मी त्याला म्हटलंही होतं, आण ना रे तुझं ते औषध. तो भडकला. "माणसांसाठी अजून काही ठरलेलं नाही त्याचं. उंदीर जास्त जगतात, खरंय. पण शेवटी माझ्या हातात येतात ना ताई, तेव्हा औषधाचा कुठला आणि साधा कुठला, मला ओळखता येत नाही."

त्या सकाळी आईने चहाला तोंड लावलं नाही. श्वासाला घरघर होती. तरी हात पुढे आला. बारक्याने कातडी उचलली, सोडली, आणि हात तसाच धरून बसला.

"सांग," आई म्हणाली.

"आज नाही गं. अजून खूप वेळ आहे."

माझा जीव भांड्यात पडला. बारक्या म्हणतोय म्हणजे वेळ आहेच! मग घरात कशाला ठेवायचं? सलाईन लावलं की उठून बसेल. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. आई नको नको म्हणत होती. "वेळ आहे म्हणून त्यानेच सांगितलं ना? मग हट्ट कसला करतेस?" मी तिला दटावलं. तिने बारक्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून तसाच उभा राहिला.

संध्याकाळी आई गेली. तोंडात नळी होती.

कामावर बारक्या अजूनही चुकत नाही म्हणे. घरी मात्र तो आता कुणाच्या हाताला हात लावत नाही, दारातही उभा राहत नाही. आणि मी! दुपारी पडले की कुणीतरी दारातून माझा श्वास ऐकतंय असं वाटतं. डोळे उघडते तर दारात कुणी नसतं. तो असता तर बरं, असं आता वाटतं.

शेवटी एकदा मीच विषय काढला. त्याने हो म्हणावं म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. "चुकलास ना रे तू त्या दिवशी? होतं असं एखाद्या वेळी."

"नाही ताई. हात हातात घेतला तेव्हाच कळलं होतं." तो म्हणाला. "तिकडे मी रोज सांगतो. पण डॉक्टरांना सांगतो. उंदराला सांगावं लागत नाही गं."

मी माझा हात पुढे केला. त्याने आपले दोन्ही हात काखेत घातले आणि मान फिरवली.