द्राक्षवेलीची पाने

वसईतल्या एका जुन्या चर्चमध्ये वेदीच्या लाकडी नक्षीची दुरुस्ती चालली होती. खांबाला वेढत वर गेलेली द्राक्षवेल इतकी जिवंत होती की मी मान वर करून पाहतच राहिलो. घड द्राक्षांचे होते, पाने मात्र विड्याची.

कारागीर म्हणाला, "पानं चुकलीत, मावशी. कडा कातरून द्राक्षाची करून देतो."

वेदीवर फुले मांडणाऱ्या मावशी गर्रकन वळल्या. "हात लावून तर बघ! आमच्या वाडीतली पानं आहेत ती. आणि शेवटच्या भोजनानंतर प्रभूला विडा नको का?"

आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. थोर कला दूरदेशी असते, असे मला पुस्तके वाचून वाटायचे. पण हा खांब कोरणाऱ्या इथल्या जुन्या सुताराने द्राक्षाची वेल कधी पाहिलीही नसेल. समुद्रापलीकडून आलेल्या देवाला त्याने आपल्या परसातली पाने वाहिली, आणि तीही किती मन लावून!

कारागिराने हसून पटाशी खाली ठेवली आणि मऊ ब्रश उचलला. धूळ उडाली, तशा पानापानावरच्या शिरा उमटत गेल्या. एखादे खुडून घ्यावे, इतकी ती पाने ताजी दिसू लागली.