माझ्या पाळीची बिस्किटं

शिरूरच्या ज्या शाळेत मला पहिली नोकरी लागली, तिथं दर शनिवारी स्टाफरूममध्ये एकेका बाईंची खाण्याची पाळी असायची. शनिवारी शाळा सकाळची. सुटली की आम्ही चौघीजणी टेबलाभोवती बसायचो आणि जिची पाळी असेल तिनं घरून करून आणलेलं खायचो. शिवणाच्या बाई अळूवड्या अशा करायच्या, की त्यांचे टोमणेसुद्धा मी त्यांच्याबरोबर गिळत असे. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आदल्या दिवशी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकट्या राहता. कशाला दगदग करता? आपला बेकरीतला बिस्किटांचा पुडाच आणा."

गणिताच्या बाईही एकट्याच राहत होत्या. त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दर पाळीला गुठळ्यांचा उपमा आणायच्या आणि सगळ्या तो खायच्या. फरक एवढाच, की मी गावाच्या कडेला आमच्या बौद्ध वस्तीत खोली घेऊन राहत होते. माझ्यासाठी कुणी वेगळा कप ठेवला नव्हता, तेवढी सुधारणा झालेली होती. पंचाहत्तर-शहात्तर सालची ही गोष्ट. मी मुकाट्यानं पुडा नेला, सगळ्यांनी आवडीनं खाल्ला. राग मला तिथंच आला होता, पण तोंडात बिस्किट होतं.

शनिवारी दुपारच्या एस.टी.नं मी दौंडला आईबापाकडे जायची. वडील रेल्वेत गँगमन होते. आईची माझ्या शाळेबद्दल एकच चौकशी असायची. पगाराची नाही, मुलांची नाही. "तुझ्या हातचं खात्यात का गं त्या बाया?" एवढंच ती विचारायची. माझी आई कवठे येमाईची. लहानपणी तिला ओंजळ पुढं करून वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं होतं. तिला वाटायचं, मुलगी शिकली, बाई झाली, म्हणजे ते संपलं असणार. पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी दर वेळी "अजून माझी पाळी आली नाही" म्हणून टाळत होते. हे थोड्याच दिवसांत अंगाशी येणार, हे मला कळत होतं.

म्हणून दुसऱ्या पाळीला काहीही झालं तरी स्वतःच्या हातचंच न्यायचं, असं मी ठरवलं. खाल्लं तर खाल्लं, नाही तर त्यांचं तोंड तरी दिसेल.

काय करायचं, हे दौंडलाच ठरलं. आमच्या क्वार्टरशेजारी रेल्वेच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायच्या, मूळच्या गोव्याकडच्या ख्रिश्चन. त्या भट्टीशिवाय बिस्किटं करायच्या. दूध, साखर, लोणी आणि कोको उकळायचा, त्यात शेंगदाण्याचं वाटण आणि ओट घालायचे आणि चमच्यानं ताटात टाकायचं. थंड झालं की बिस्किट तयार. ओट म्हणजे दिसायला जाड पोह्यांसारखे, पण पुण्याच्या कॅम्पातून डब्यातून आणावे लागत. त्यांनी मला अर्धा डबा ओट आणि कागदाच्या पुडीत कोको दिला. "एक मिनिट उकळायचं, घड्याळ लावून," त्या दोनदा म्हणाल्या. "कमी झालं तर चिखल, जास्त झालं तर भुगा."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी करायला बसले. उन्हाळा लागला होता, खोलीचा पत्रा तापलेला. शेंगदाणे भाजले, सालं पाखडली आणि शेजारच्या मावशीच्या पाट्यावर वाटायला घेतले. कूट होईपर्यंत काही वाटत नाही, पण तेल सुटून त्याचा लगदा होईपर्यंत खांदे भरून आले. तेवढ्यात मावशी माझ्या खोलीतून ओटांचा डबा घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात तांब्या.

"पोहं धुतलं न्हाईस व्हय अजून? दे, मी भिजवते."

मी पाटा सोडून धावले. वरवंटा पायावर पडता पडता राहिला. मावशीच्या हातून तांब्या अक्षरशः ओढून घेतला. ती रुसली. "पोहं न धुता खात्यात का कुटं?" म्हणत राहिली. ते पोहे नव्हेत हे मी तिला तीनदा सांगितलं, पण तिला पटलं नाही. ओट भिजले असते तर सकाळी पुन्हा पुडाच न्यावा लागला असता.

वातीच्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं. कोको गुठळ्या धरत होता, त्या मी पळीनं दाबून मोडत होते. कढ आला तशी मनगटातल्या घड्याळाकडे बघायला लागले. पण कढ नेमका कोणता धरायचा? कडेनं बुडबुडे आले तो, की मधून वर उसळला तो? नर्सबाईंनी हे सांगितलंच नव्हतं. मी मधला धरला. साठ सेकंद. उतरवलं, वाटण घातलं, ओट घातले, ढवळलं आणि तूप लावलेल्या ताटांत चमच्याचमच्यानं टाकत गेले. दिसायला सगळं शेणाच्या गोवऱ्यांसारखं. आत्ता हसू येतं, तेव्हा रडू येत होतं.

अर्धा तास झाला तरी बोट लावलं की चिकटत होतं. हातानं वळून लाडू केले असते तर निभावलं असतं, पण लाडवावर बोटं उमटतात. तो लाडू कुणाच्या हातचा, हे लगेच दिसतं. हा विचार माझ्या मनात आला, याची मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मी परातीत पाणी घेतलं, त्यात ताटं ठेवली आणि दर पाच मिनिटांनी बोट लावत बसले. दिवे लागले, तेव्हा पहिलं बिस्किट ताटातून अखंड सुटलं. मी एक खाल्लं आणि भिंतीला टेकून बसले. फार चांगलं झालं होतं.

सकाळी ती डब्यात भरायची होती. माझ्याकडे दोन डबे होते. एक रोजचा पितळी, आणि एक बेकरीतला पुठ्ठ्याचा खोका, नानकटाईचा, वर बेकरीचं चित्र छापलेलं. मी त्यात सुईदोरा ठेवायची. सुईदोरा मी काढून ठेवला आणि बिस्किटं खोक्यात रचली. पितळी डबा लहान पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. तो लहान नव्हता.

स्टाफरूममध्ये खोका टेबलावर ठेवला. मी काही बोलले नाही. खोकाच बोलला. मोठ्या बाईंनी चित्राकडे पाहिलं आणि निश्चिंत हात घातला. शिवणाच्या बाईंनी एक खाल्लं, मग दुसरं, मग डोळे मिटून तिसरं. "अगं बाई, काय सुरेख! शेंगदाणा लागतोय ना? ही शिरूरची नाहीत. पुण्याहून आणलीत का?"

एवढं सोपं होतं. "माझ्या हातची आहेत" हे तीन शब्द तोंडात तयार होते. ते मी पाटा-वरवंट्यापाशी पन्नास वेळा घोकले होते. तिघींची माझ्याकडे पाहायची ती पहिलीच खेप होती, अशी कौतुकानं. मला ते कौतुक सोडवेना.

"हो, पुण्याची," मी म्हणाले.

दौंडला उतरले तर आई दारातच. "काय झालं? आली का पाळी?"

"आली."

"तुझ्या हातचं नेलंतंस? खाल्लं?"

"खाल्लं," मी म्हणाले. "एकीनं तर तीन खाल्ली."

आई खाली बसली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. नंतर उठली आणि नर्सबाईंना, पाण्याच्या नळावरच्या बायकांना, वडील आल्यावर वडिलांना, सगळ्यांना सांगत सुटली, की माझ्या लेकीच्या हातचं शाळेतल्या बाया खात्यात, तीन-तीन खात्यात. वडिलांनी त्या दिवशी मला त्यांच्या ताटात जेवायला बसवलं. आयुष्यात मला स्वतःचा इतका राग पुन्हा कधी आलेला नाही.

सोमवारी पहाटे उठून आईनं भाकरी थापल्या, भरली वांगी केली, ठेचा केला. सगळं धडप्यात गच्च बांधून पहिल्या गाडीला मला पोचवायला आली. "ह्ये समद्यास्नी दे. म्हणावं, माझ्या आईनं केलंय. आता काय लाजायचं?"

गाडीत ते गाठोडं मांडीवर गरम लागत होतं. वाटेत कुणाला देऊन टाकावं, असं मनात आलं. खोलीवर ठेवून एकटीनंच खावं, असंही आलं. मग आईला पुढच्या शनिवारी आणखी एक खोटं सांगावं लागलं असतं, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक. शिरूरच्या स्टँडवर उतरले. मी गाठोडं घेऊन सरळ शाळेत गेले.

मधल्या सुट्टीत चौघी आपापले डबे उघडून बसलो. मी धडपं सोडलं. वांग्यांचा वास खोलीभर पसरला. गणिताच्या बाईंचा हात लगेच पुढे आला.

"थांबा," मी म्हणाले. "आधी ऐका. हे माझ्या आईनं केलंय. तुमच्यासाठी पाठवलंय. आणि शनिवारची बिस्किटं पुण्याची नव्हती. मी खोटं बोलले. ती मी माझ्या खोलीत, माझ्या हातानं केली होती."

मोठ्या बाई म्हणाल्या, "माझा सोमवारचा उपवास असतो." तो असायचाही. गणिताच्या बाईंचा हात तिथंच थांबला होता. त्यांनी एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग भाकरीचा चतकोर मोडून घेतला. वर मात्र बघितलं नाही.

शिवणाच्या बाई उठल्या. बाहेर अंगणात नळ होता. तो सोडल्याचा आवाज आला, मग त्यांच्या चूळ भरण्याचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शनिवारी खाल्लेल्या बिस्किटांची चूळ त्या सोमवारी भरत होत्या.

मी आईची भाकरी मोडली आणि जेवायला लागले.