वकीलसाहेबांचा काथ्याकूट

“थांबा, थांबा. आता समजा...” असं म्हणत आमचे वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरचा माणूस चपला शोधायला लागायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, तर माझा त्रास तुम्हाला कळेल.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, मग कोर्टातली उर्दू गेली, मराठी आली. साहेबांची वकिली तिथं आटली आणि सगळी आमच्यावर सांडली. नळाला पाणी आलं का, एवढं विचारावं, तर “आलं म्हणजे धार आली, की नुसता आवाज?” तेवढ्यात पाणी जायचं.

“काय मेला काथ्याकूट!” आई वैतागायची. ते त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांनी त्याचाही काथ्याकूट केला. “वहिनी, काथ्या कुटल्याशिवाय दोर वळता येत नाही. मग कुटणाऱ्याला नावं का?” आईनं कपाळाला हात लावला.

आम्हाला वडील नव्हते. म्हणून बहिणीच्या लग्नाच्या बैठकीला वडीलधारे म्हणून यांनाच बसवावं लागलं. स्थळ शेंद्र्याचं, शेतीवाडी उत्तम. बहीण कॉलेजात होती, तिला शिक्षण पुरं करायचं होतं. मुलाचे वडील म्हणाले, “शिकू द्या की! आमची काय ना नाय.” सगळे खूश झाले. सुपारी फोडायला अडकित्ता उघडला आणि साहेबांचा चष्मा वर चढला.

“समजा, परीक्षा आणि सुगी एकदमच आली?”

“तर परीक्षा दील.”

“समजा, तेव्हाच सासूबाई अंथरुणाला खिळल्या?”

“दुसरं कुणी बघंल.”

“आणि समजा, दुसरं कुणीच नाही...”

मी त्यांना चिमटा काढला. उपयोग शून्य.

“आवो, मग बसंल घरी!” मुलाचे वडील उसळले. “सून न्यायची व्हय का मास्तरीण? बैठकीत असं म्हणायचंच असतंय!”

“बस, मामला साफ झाला,” साहेब म्हणाले. पाहुणे उठले. सुपारी तशीच राहिली.

“तुमच्या अकलेनं लग्न मोडलं,” मी तोंडावर सुनावलं. एरवी शब्दाला शब्द देणारा हा माणूस मान खाली घालून घरी गेला.

संध्याकाळी बहीण चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे निघाली. मी अडवलं.

“दादा, माझी विचारायची हिंमत नव्हती,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं.”

ती बीए झाली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेली आणि कुलपाकडे बघत उभी राहिली. साहेब त्याआधीच्या थंडीत गेले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. साध्या गोष्टीला तासभर लावणाऱ्या माणसानं जायलाच तेवढी घाई करावी?